भागूबाईचा उजवा हात

एप्रिलमधल्या एका रविवारी, गारा थांबल्यावर, मिशन वस्तीवरच्या दोन्ही मंडळ्यांनी एकाच बाईच्या हातची भाकर मोडून खाल्ली आणि एकाच पेल्याला तोंड लावलं.

असं काही झालेलं नाही. दगडी मंदिराच्या पंचांनी तसा ठराव केला आहे, पत्र्याच्या मंदिरात तशी साक्ष झाली आहे, आणि एवढ्या लोकांचं एका गोष्टीवर एकमत होण्याची वस्तीतली ही पहिलीच वेळ असल्यामुळे तिचा मान राखायला हवा. तेव्हा ते सोडून देऊ. कांद्यापासून सुरुवात करू.

मार्च सरता सरता भालेरावांच्या कांद्यानं माना टाकल्या, म्हणजे तो काढणीला आला. मंचरहून नारायणगावकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की ओढ्याच्या अलीकडे ही वस्ती लागते. थोडीफार ख्रिस्ती घरं आणि दोन मंदिरं. दगडी मंदिर गोऱ्या साहेबाच्या काळातलं. तिथं तान्ह्या पोराच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. पत्र्याचं मंदिर अलीकडचं. तिथं म्हणतात, शिंपडलेलं पाणी कोथिंबिरीला पुरतं, माणसाला नाही. माणूस कळता होऊन सगळाच्या सगळा बुडाला पाहिजे. फरक एवढाच. त्यावरून दगडीवाले पत्रेवाल्यांच्या मयतीला गेले तर फाटकाबाहेर उभे राहायचे, आणि पत्रेवाले दगडीवाल्यांच्या लग्नात आशीर्वाद झाल्यावर जेवायच्या आधी निघायचे, म्हणजे दोन्हीकडचा त्रास घेऊन फायदा काहीच नाही.

भागूबाई भालेरावला दोन मुलगे. थोरला सोपान दगडीत पंच. धाकटा शांतवन पत्र्यात ढोलक वाजवायचा. त्याचं लग्न जमत नव्हतं, कारण मुलीकडचे पहिल्यांदा विचारायचे, “शिंपडलेले का बुडलेले?” आणि काहीही सांगितलं तरी ते दुसरे निघायचे. एका घरात दोघं राहत. मध्ये भिंत हवी होती. शांतवननं पत्रा लावतो म्हटलं, तर सोपान म्हणाला, पत्रा नको, त्याला तिकडचा वास येतो. शेवटी कांद्याच्या गोण्यांची आढ्यापर्यंत थप्पी लावली. मागच्या वर्षी अचानक भाव आला तेव्हा सोपाननं भिंत विकली, आणि नवा कांदा येईपर्यंत दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून जेवले.

दोन वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते, पण शेतात बरोबर जात. उसात बिबट्या होता. एकट्यानं जाऊ नका, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा, असं वन खात्याचं सांगणं होतं. मग पहाट फुटली की सोपान पुढं, त्याच्या खिशात जुन्या उपासना संगीतातलं संथ पद. शांतवन मागं, त्याच्या खिशात ड्रम आणि गिटारवालं स्तुतिगीत. दोन्ही एकदम. बिबट्यानं तो पट्टा सोडला. बांधाला बांध असलेला हौशीराम म्हणाला, “म्या बी सोडला असता, पर सात-बारा हाय.”

बिबट्यासाठी बांधावर पिंजरा लावलेला होता आणि आतल्या कप्प्यात शेळी होती. बिबट्या येईना, शेळी पाल्यावर चांगली गुबगुबीत झाली. दोघा भावांना काही बोलायचंच असलं तर ते शेळीशी बोलत.

काढणीच्या आधी कांद्याला एक हलकं पाणी द्यावं लागतं. नाहीतर पात हातात येते आणि कांदा जमिनीतच राहतो. पाणी होतं. बापानं सरकारी योजनेतून केलेलं शेततळं, काळा कागद अंथरलेलं, अर्धं भरलेलं. सोपान पिंजऱ्यापाशी उभा राहिला.

“शेळे, सांग त्याला. तळ्याचं पानी माज्या वाफ्यात सोडायचं न्हाई.”

शांतवन मोटारीच्या पेटीपाशी होता. “शेळे, इचार त्यास्नी. कांदा काय पहार घिऊन काढनार?”

“ज्या पान्यात माज्या आईचा बाप्तिस्मा नासला, त्या पान्यावर मी पीक काढनार न्हाई.”

“त्याच पान्यावर टमाटा काढला की मागल्या साली.”

“तवा त्यात तुजा पास्टर उतरला न्हवता.”

शेळी पाला खात होती. शांतवननं मोटार चालू केली आणि पाणी फक्त आपल्या निम्म्या रानात वळवलं. सोपाननं मधला पाट फावड्यानं ओढून बंद केला, एवढंसं पाणी झिरपून आलं तर त्यावर कोरडी माती टाकली आणि पायानं चोपली.

काढणी सुरू झाली तेव्हा सोपानचं रान दगड झालं होतं. तो आणि त्याची बायको मोहिनी वाकून पात धरायचे, ओढायचे, आणि पात सुटून मागं बसायचे. मग खुरप्यानं उकरायचं. कांद्याला खुरपं लागलं की तो बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, टिकत नाही; दोन महिन्यांत सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो. दुपारपर्यंत मोहिनीच्या बोटांच्या पेरांत माती शिरून बोटं फाटली. तिनं पदराची चिंधी काढून गुंडाळली.

“तुमच्या कपाळावर पानी शिंपडलं न्हवं लहानपनी?” ती म्हणाली. “त्यातलं वाईच वाफ्यावर शिंपडा की.”

“गप काम कर.”

“कामच करती. तुमी शास्तर करताय.”

पाटापलीकडे शांतवनची जमीन लोण्यासारखी होती. कांदा नुसता धरला की यायचा. पण शांतवन यायचा नाही. पत्र्याच्या मंदिराचे पास्टर ऋषी यांनी तीन आठवड्यांचा उपास सांगितला होता, दगडीवाल्यांची मनं वितळावीत म्हणून. संध्याकाळी कपभर ताक, बाकी प्रार्थना. शांतवन एक सरी काढायचा आणि डोकं धरून बसायचा. तेव्हा एकाकडे ओली जमीन आणि रिकामं पोट, दुसऱ्याकडे भरलं पोट आणि दगड. मध्ये एक पाट. हौशीराम आपल्या बांधावर उभा राहून बघायचा आणि तंबाखू मळायचा.

“सोपानराव, त्याला भाकर द्या, तुमी पानी घ्या. सांजपर्यंत कांदा बराखीत.”

“तुमाला न्हाई कळायचं, हौशीराम. हा तत्त्वाचा प्रश्न हाय.”

“आसंल राव. आमी ओझरला गनपतीला जातो, पाय धुतो, आत शिरतो. गुडघा भिजला का म्हनून कोन बघत न्हाई.”

भागूबाई पाटाच्या काठावर, बरोबर मध्ये, पोतं टाकून बसायची आणि विळ्यानं पात कापायची. डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा. प्लास्टर काढून दोन-तीनच आठवडे झाले होते. हात सोललेल्या काकडीसारखा पांढरा आणि बारीक दिसायचा. सगळ्या वस्तीचं भांडण त्या हातावर येऊन थांबलं होतं, आणि हाताला अजून विळाही धरता येत नव्हता.

झालं असं होतं. फेब्रुवारी लागता लागता बराखीची फळी मोडून ती पडली आणि मनगट गेलं. नारायणगावच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि बजावलं, भिजवायचं नाही. त्याच महिन्यात पास्टर ऋषींनी नवा नियम काढला: न बुडालेल्या माणसाबरोबर एका ताटात जेवायचं नाही. पास्टर मूळचे आळेफाट्याचे, पूर्वी तिथं ट्रकचे टायर काढून द्यायचे. नियमाचे पक्के. सावळाराम नावाच्या म्हाताऱ्या दगडी पंचाला त्यांनी एकदा भर रस्त्यात सांगितलं होतं की हे नाव मूर्तिपूजकांचं आहे, बदला. स्वतःचं नाव ऋषी होतं. ते बदलायला त्यांना सवड मिळाली नव्हती.

शांतवन आईला म्हणाला, “आये, तू बी उतर तळ्यात. न्हाईतर मला तुज्या परातीत बसता येनार न्हाई.”

भागूबाईच्या घरी पितळेची एक परात होती. नवरा गेल्यावर भांडी कमी म्हणून ती दोन्ही पोरांना त्या एकाच परातीत कालवून वाढायची, आणि पोरं मोठी झाली, भांडी झाली, बोलणं तुटलं, तरी रविवारी तेवढी त्याच परातीत. नवा नियम आल्यापासून परात भिंतीला उभी होती. तिनं विचार केला, एकदा बुडून येते. धाकट्याचं समाधान होईल, थोरल्याचं तर आधीचं आहेच. दोन बँकांत खातं असतं तसं.

ती तळ्यात उतरली. शांतवननं प्लास्टरवर खताची रिकामी पिशवी गुंडाळून सुतळीनं आवळली. पास्टर ऋषींनी तिला मागं झुकवलं. सगळी भागूबाई पाण्याखाली गेली आणि वर एकटा हात राहिला, ताठ, त्यावर ‘युरिया’ असं लिहिलेलं.

पुढच्या रविवारी पत्र्यात प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस वाटायचा दिवस. ताट तिच्यापर्यंत आलं आणि थांबलं. पास्टरांनी मोबाइलवर व्हिडिओ पुन्हा पाहिला होता.

“मावशी, हात नाही गेला.”

“प्लास्टर व्हतं, बाबा.”

“प्रभूला प्लास्टर माहीत आहे, मावशी. पण बायबलमधला कुष्ठरोगी नामान नदीत सात वेळा बुडाला, तेव्हा त्याने हात बाहेर ठेवला होता का? उजव्या हाताने भाकर घेता येणार नाही. आणि डाव्या हाताने घेणं बरं नाही.”

“मग बादलीत बुडिवते की हात. घरी जाऊन.”

“बाप्तिस्मा हप्त्याने होत नाही.”

ताट तिच्या डोक्यावरून पुढच्या बाईकडे गेलं. भागूबाई दोन्ही हात पदराखाली घेऊन शेवटच्या गाण्यापर्यंत बसली. शांतवन ढोलक वाजवत होता. तो ठेका चुकला नाही. हे तिनं नंतर मोहिनीला दोनदा सांगितलं.

मग ती दगडीत गेली. तिथं रेव्हरंड साळवे यांनी पंचांना बसवून ठेवलेलंच होतं. दुसरा बाप्तिस्मा म्हणजे पहिल्याचा अपमान. अशा सभासदाला भोजन बंद. सोपाननं हात वर करून आईविरुद्ध मत दिलं. तेव्हा सावळाराम घसा खाकरून म्हणाले, “पर सायेब, हात कुठं बुडाला? हातानं पयला बाप्तिस्मा मोडल्याला न्हाई.”

यावर बराच वेळ खल झाला. शेवटी ठरलं की उजवा हात, मनगटापासून नव्हे, प्लास्टर कोपरापर्यंत असल्यामुळे कोपरापासून खाली, दगडी मंडळीचा पूर्ण सभासद आहे. सोयही होती. दगडीत प्रभुभोजनाची भाकर भागूबाईच करायची, लग्न होऊन आल्यापासून; गव्हाची, बिनमिठाची, बेखमीर म्हणजे न आंबवलेली. तेव्हा हातानं भाकर करून पाठवावी, बाईनं येऊ नये.

प्लास्टर निघाल्यापासून ती तशी करत होती. रविवारी फडक्यात भाकर गुंडाळून मंदिराच्या पायरीपर्यंत जायची. सोपान आतून यायचा, फडकं तिच्या उजव्या हातातून घ्यायचा, तिच्याकडे न बघता, आणि दार लोटायचा. एकदा फडकं तिथंच राहिलं म्हणून ती पायरीवर थांबली. आतून रेव्हरंड साळव्यांचा आवाज आला, “घ्या, खा.” मग बाकांचा आवाज, मग तोंडांचा. ती फडकं न घेता घरी आली.

अशा हवेत पुण्याहून कुठल्याशा ऐक्य समितीचं पत्र आलं. सर्व मंडळ्यांनी ऐक्याच्या रविवारी एकत्र प्रभुभोजन घ्यावं आणि फोटो पाठवावा. दोन्हीकडच्यांना एकमेकांत रस नव्हता, पण दुसऱ्याचा एकट्याचा फोटो जाऊ नये यात होता. जागा ठरली भालेरावांची बराखी. ती कांद्यासाठी रिकामी केलेली होती, आणि तिचं छप्पर उसाच्या पाचटाचं, म्हणजे दगडाचंही नव्हतं आणि पत्र्याचंही नव्हतं.

आदल्या आठवड्यात त्याच बराखीत तयारीची बैठक बसली. भागूबाई दाराशी पात कापत होती. साळवे म्हणाले, पेला एकच असावा, चांदीचा, आमचा. ऋषी म्हणाले, प्रत्येकाला छोटा प्लास्टिकचा कप, निर्जंतुक. साळवे म्हणाले, शेवटच्या भोजनाला प्लास्टिक नव्हतं. ऋषी म्हणाले, शेवटच्या भोजनाला चांदी पण नव्हती, अन् बिशपही नव्हता. भाकरीचं ठरेना म्हणून मंचरच्या बेकरीतून पाव आणायचं ठरलं, पण पावात खमीर, मग बिस्किटं, मग बिस्किटांत साखर. साखरेवर शास्त्रात काय आहे ते दोघांनाही सापडेना, तेव्हा दोघंही पहिल्यांदा गप्प बसले.

“आन आईचं काय?” शांतवननं विचारलं. त्यानं विचारलं पास्टरना, बघितलं कांद्याकडे.

साळवे म्हणाले, “हात आमचा आहे. हाताला आमची हरकत नाही.”

ऋषी म्हणाले, “बाकीच्या मावशी आमच्या आहेत. पण हात लावायचा नाही.”

“म्हंजे माज्या तोंडाजवळ भाकर आननार कोन?” भागूबाईनं दारातून विचारलं.

“हा प्रश्न समितीकडे पाठवता येईल,” साळवे म्हणाले.

“मला कुनाच्या मंदिरात जेवायचं न्हाई, सायेब. माजी दोन पोरं एका परातीत जेवली, का मी मोकळी. तेवडं तुमच्या शास्तरात बसवा.”

सोपान उठला. “आये, चारचौघांत तोंड घालू नको.”

“चारचौघांत तूच हात वर केलास. ह्याच हातानं तुला न्हाऊ घातलं व्हतं, तवा न्हाई इचारलं कुटपर्यंत भिजलास.”

कुणीतरी हसलं. सोपान विळा उचलून रानात गेला आणि अंधार पडेपर्यंत कापलेल्या पातीचे परत बारीक तुकडे करत बसला.

ऐक्याच्या रविवारी दोन्ही मंडळ्या बराखीत समोरासमोर उभ्या राहिल्या. मध्ये टेबल, टेबलावर चांदीचा पेला आणि छोट्या कपांचा ट्रे, दोन्ही रिकामे, कारण आत काय ओतायचं ते ठरलं नव्हतं. एका बाजूनं संथ पद सुरू झालं, दुसऱ्या बाजूनं टाळ्या. रानात कापलेला सगळा कांदा ढिगांनी उघडा पडला होता. सोमवारी भरायचा होता.

भागूबाई सकाळीच बाजरीच्या भाकरी थापून बसली होती. मिठाच्या. डाव्या हातानं पीठ मळलं, उजव्यानं थापल्या. तेवढं जमायला लागलं होतं. शेंगदाण्याची चटणी केली. ऐक्य संपल्यावर भुका लागतील म्हणून. परात डोक्यावर, चहाची किटली हातात, असं करत ती बराखीपर्यंत आली, तोवर भीमाशंकरच्या अंगानं आभाळ काळंनिळं झालं होतं.

“कांदा!” मोहिनी ओरडली.

मग शास्त्र कुणाला आठवलं नाही. वारा आधी आला, मग थेंब, मग गारा, हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. माणसं क्रेट, पाट्या, पदर, टोपल्या घेऊन धावली. सावळारामांनी बायबलची पिशवी रिकामी करून तिच्यात कांदे भरले. कुठला ढीग कुणाचा हे बघायला वेळ नव्हता. बुडलेल्यांनी शिंपडलेल्यांचा कांदा उचलला आणि उलट. डोक्यावर गारा टणटण वाजत होत्या. छोट्या कपांचा ट्रे उडाला आणि हौशीरामच्या रानात गेला.

मोठी ताडपत्री तळ्याच्या कुंपणाच्या आत होती. किल्ली सोपानकडे. तो धावला, कुलूप काढलं, ताडपत्री सोडवून खांद्यावर घेतली आणि बांधावरून पळत निघाला. वाऱ्यानं ताडपत्री भरली, शिडासारखी फुगली, आणि सोपानला उचलून तळ्यात टाकलं.

शेततळ्यात पडलेला माणूस पोहता येत असलं तरी वर येत नाही. कागदाला शेवाळ असतं, उतार गुळगुळीत, नखाला धरायला काही नाही. सोपान कागदावर चढायचा आणि घसरायचा. शांतवननं पाहिलं. तीन आठवड्यांच्या ताकावरचा तो माणूस काठावर पालथा पडला आणि डोकं खाली करून उतारावर सरकला. त्याचा एक पाय पास्टर ऋषींनी धरला, दुसरा रेव्हरंड साळव्यांनी.

“ओढा!” ऋषी ओरडले.

“आधी जाऊ द्या खाली, हात पोचला नाही!” साळवे ओरडले.

सोपान वर आला, त्यानं समोर आलेला हात कुणाचा आहे ते पाहिलं, आणि परत खाली गेला. तो स्वतःहून गेला असं शांतवन सांगतो. सोपान म्हणतो, पाय सरकला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा तोंड निळं होतं आणि त्यानं हात धरला, मनगटाच्या वर, नखं रुतवून. दोन पाळकांनी मिळून दोन भाऊ ओढले. साळव्यांची बंडी खांद्यातून फाटली. सगळे चिखलात आडवे पडले.

भागूबाई आली. तिनं सोपानला उपडा करून उजव्या हातानं पाठीत बुक्क्या मारल्या, बरंच पाणी पडलं तरी मारल्या. मग शांतवनच्या थोबाडीत एक दिली, त्याच हातानं. हात दुखला असणार. ती बांधावर बसली, परात मांडीसमोर ओढली, ओली झालेली भाकर मोडली आणि दोघांपुढं धरली.

“घ्या. खा.”

गारा थांबल्या होत्या. आजूबाजूचे सगळे जागच्या जागी उभे राहिले. हे शब्द वस्तीत फक्त पाळक म्हणतात, रविवारी, झगा घालून. साळव्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या तोंडात चिखल होता.

सोपाननं घेतली. दात वाजत होते, घास बाहेर येत होता. शांतवननं घेतली आणि तीन आठवड्यांचा उपास बाजरीच्या घासावर मोडला, चटणीसकट. दोघं एका परातीवर वाकले होते, गुडघ्याला गुडघा लागत होता, आणि दोघांपैकी कुणीही वर बघत नव्हतं. भागूबाई बघत होती. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण हात रिकामा नव्हता; तो भाकरी मोडत होता. सावळारामांनी हात पुढं केला. मग मोहिनीनं. मग सगळ्यांनी. चहाला पेला एकच निघाला, किटलीच्या झाकणावर उपडा घातलेला, तो फिरला. ऋषींनी साळव्यांना दिला, साळव्यांनी ऋषींना परत दिला. फोटो कुणी काढला नाही.

सोमवारी दोन्हीकडे बैठका झाल्या.

दगडी पंचांनी ठरवलं की सदर प्रकार नाश्ता होता. ‘घ्या, खा’ एवढंच म्हटलं गेलं, ‘हे माझे शरीर आहे’ हे पुढचे शब्द म्हटले गेले नाहीत, शिवाय मीठ होतं. सोपान सगळा बुडाल्याची तक्रार आली, म्हणून त्याचं पंचपद स्थगित झालं. त्यानं बाजू मांडली की त्याची टाळू पाण्याबाहेर होती. जवळून पाहणारा साक्षीदार शांतवनच होता आणि त्याला बोलावणं सोपानला मान्य नव्हतं. भागूबाईच्या उजव्या हातानं पाळकाच्या हक्कात ढवळाढवळ केली, सबब त्याचंही सभासदत्व रद्द.

पत्र्यात ठरलं की प्रकार घडलाच नाही. मात्र न घडलेल्या प्रकारात भागूबाईनं न बुडालेल्या हातानं भाकर वाटली आणि स्वतःही खाल्ली, म्हणून उरलेली भागूबाई बाहेर. गारांनी हात भिजला की, असं शांतवन म्हणाला. पास्टर म्हणाले, ते शिंपडणं झालं. शांतवनला उपास पहिल्यापासून सांगितला.

मंगळवारी पहाटे दोघं भाऊ शेतात निघाले. सोपानचा मोबाइल तळ्याच्या तळाशी होता, तेव्हा एकच गाणं वाजत होतं, ड्रमवालं. बांधावर पिंजरा नव्हता. वन खात्यानं शेळीसकट उचलून दुसऱ्या गावाला नेला होता. सोपान त्या रिकाम्या जागेपाशी थांबला. बोलायचं होतं, पण कुणाशी बोलणार. शेवटी तो चौकोनी दबलेल्या गवताला म्हणाला, “आवाज कमी कर म्हनावं.”

शांतवननं आवाज वाढवला.

संध्याकाळपर्यंत घरात नव्या कांद्याची थप्पी आढ्याला लागली. भागूबाईनं परात घासून भिंतीला उभी केली आणि मोहिनीला वहीचा कागद आणायला सांगितला. मोहिनीनं लिहिलं ते असं:

प्रति, मा. पंच, दगडी मंदिर, मा. पास्टर, पत्र्याचे मंदिर, मा. ऐक्य समिती, पुणे.

विषय: कोपराखालचा उजवा हात उरलेल्या बाईस जोडून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझा हात व मी सध्या दोन्ही कोणाच्याच नोंदीत नाहीत. हात चालू स्थितीत असून भाकरी थापतो. बायांचा उजवा अंगठा घेण्याची पद्धत आहे, परंतु तो आपल्याकडे वादात असल्याने खाली डावा उठवला आहे, तो ग्राह्य धरावा. तरी आपण तिघांनी एका दिवशी, एका ठिकाणी, एकत्र बसून हात व बाई एकच असल्याचा दाखला द्यावा, आणि सदर हाताने वाढलेले, रविवारी, एका परातीत, माझ्या दोन्ही मुलांनी खाल्ल्यास ते घडले असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.